मावशी, त्या रात्री तुम्ही माझ्या हातातली फाइल घेतलीत

मावशी,

तुमचं नावसुद्धा मी विचारलं नाही. वॉर्डात सगळे मावशी म्हणायचे, मीही तेच म्हणत राहिले.

बाबांना तुमच्याकडे आणल्याची ती तिसरी रात्र. आधीच्या रुग्णालयात काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता 'आधी पैसे भरा' म्हटलं होतं. नातेवाईक फोनवर म्हणत होते, 'तू खंबीर आहेस, तुला जमेल.' त्यांच्यापैकी एकजणही डबा घेऊन आला नाही. मला खंबीर ठरवून ते मोकळे झाले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मीही तसंच धरून चालले होते. औषधांच्या वेळा, रिपोर्ट, पैशांचा हिशेब, सगळं त्या फाइलमध्ये, आणि फाइल छातीशी. ती खाली ठेवली तर बाबा जातील, असं मला खरोखर वाटत होतं.

रात्री अडीचच्या सुमारास तुम्ही फरशी पुसत आलात. बादली बाजूला सारलीत, हात पदराला कोरडे केलेत आणि माझी बोटं एकेक करून सोडवून फाइल काढून घेतलीत. 'ताई, घटकाभर माझ्याकडे राहू द्या. पांडुरंग जागा आहे, तुम्ही झोपा.' मी म्हणाले, मला बघावंच लागेल. तेव्हा तुम्ही जे बोललात ते रोज आठवतं. 'दिवेघाटात माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. तुम्ही एकट्या कशाला ओढताय?'

मी रडले. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग त्या बाकावरच, तुमच्या घडी घातलेल्या शालीवर डोकं ठेवून झोपले. त्या रात्री बाबांचं जे व्हायचं होतं ते माझ्या जागण्याने बदलणार नव्हतं. तोवर देवाला मी नुसतं मागत होते, त्याच्यावर काही सोपवलं नव्हतं. उजाडता जाग आली तेव्हा तुम्ही स्टुलावर बसून पुटपुटत हरिपाठ म्हणत होता, फाइल मांडीवर. ड्यूटी संपून तासभर झाला होता, हे मला नंतर सिस्टरकडून कळलं.

मी पैसे पुढे केले तर तुम्ही हात मागे घेतलात. एवढ्या मोठ्या इमारतीत, मावशी, माझ्याकडे माणूस म्हणून तुम्ही पाहिलंत. पुण्यात अशी माणसं आहेत, दुसऱ्याची बादलीही उचलतात आणि ओझंही, आणि त्यांची नावं कुठल्या पाटीवर नसतात.

बाबा आता भिंतीला धरून खिडकीपर्यंत जातात. बोलणं अजून अडखळतं. 'विठ्ठल' मात्र स्पष्ट येतं.

तुम्ही दरवर्षी एक दिवस रजा टाकून माउलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चालता, म्हणाला होतात. यंदा पालखी पुण्याचा मुक्काम हलवेल त्या सकाळी मी हडपसरला गाडीतळापाशी उभी असेन. घाटासाठी नवी चप्पल घेऊ नका, असंही तुम्हीच सांगितलं होतं. जुनीच घालून येते.

तुमची,
तेरा नंबरच्या खाटेवरच्या बाबांची मुलगी