खुलं पत्र : सिनेटर साहेब, ती खुर्ची भरणार होतात ना?

प्रति,
मा. सिनेटर साहेब (आमच्या राज्याचे),
वॉशिंग्टन डीसी

विषय : फेडरल (म्हणजे केंद्राच्या) डिस्ट्रिक्ट कोर्टातली जजची रिकामी जागा
संदर्भ : माझी इंग्रजीतली तीन पत्रं आणि तुमची तीन छापील उत्तरं

स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहितीये. पण इंग्रजीत लिहून काय उजेड पडला ते वर संदर्भात आलंच आहे, म्हणून म्हटलं यावेळी ज्यांना कळतं त्यांना तरी वाचू दे.

आधी आठवण करून देते. २०२३ चा गणपती, आमच्या मंडळाचा, शाळेच्या जिममधला. तुम्ही आलात, आम्ही शाल-श्रीफळ दिलं, नारळ कसा धरायचा ते तुम्हाला कळेना म्हणून तुम्ही तो काखेत मारून अख्खं भाषण केलंत. मोदकाला डम्पलिंग म्हणालात, ते पण आम्ही हसून घेतलं. मग मी उभी राहिले आणि विचारलं, आमच्या कोर्टातली जजची जागा कधी भरणार. तुम्ही माईकवरून म्हणालात, सहा महिन्यांत नाव पुढे जाईल, मी स्वतः लक्ष घालतो. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, आणि आता त्याचाच जास्त राग येतो.

त्याला दोन वर्षं होऊन गेली. खुर्ची तशीच.

आता नवीन काय झालं ते सांगते. २९ सप्टेंबरला रात्री पावणेबाराला कोर्टाच्या सिस्टीममधून वकिलाला मेल आला, त्याने सकाळी आम्हाला पाठवला. आमचं मोशन, म्हणजे निकाल मागणारा अर्ज, "ॲडमिनिस्ट्रेटिव्हली टर्मिनेट" केलंय. म्हणजे फेटाळलं नाही, मान्य पण नाही, फक्त फाईलमधून उचलून बाजूला ठेवलं, नवीन जजकडे केस गेली की पुन्हा दाखल करा म्हणे. चौदा महिने ते मोशन पडून होतं. चौदा महिन्यांनी कळलं की ते आता नाहीचे.

केस कसली ते पण सांगते, तुम्हाला वाटेल कोट्यवधीचा दावा असेल. माझ्या नवऱ्याला २०२० च्या मार्चमध्ये स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत नोकरी, पगारातून इन्शुरन्सचा हप्ता कापला जायचा, त्या इन्शुरन्सने एक वर्ष पैसे दिले आणि मग सांगितलं की हे बसून करायचं काम करू शकतात. बसून! अहो ते बसतात की, सकाळपासून बसलेलेच असतात, पण पाणी हवं असेल तर पेन म्हणतात आणि पेन दिलं की रडतात. हे कुठलं बसून करायचं काम ते इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केस टाकली, फी ४०२ डॉलर. नोकरीतून मिळणाऱ्या इन्शुरन्सच्या भांडणाला १९७४ चा फेडरल कायदा लागतो, त्यात ज्युरी नाही, बहुतेक वेळा साक्षीदार पण नाहीत. हजारभर पानांची एक फाईल आहे, ती कुणीतरी एकाने बसून वाचायची आणि हो किंवा नाही म्हणायचं, बास. जिंकलो तरी आमचेच थकलेले पैसे मिळणार, फार तर वकिलाची फी, मनस्तापाचा एक सेंट नाही. तर असा हा बसून करायचा जॉब आहे, आणि त्याच्यासाठी तुम्हाला माणूस मिळत नाहीये.

या चार वर्षांत मी घरातले दागिने मोडले, लेकीने कॉलेज एक वर्ष पुढे ढकललं, मी दोन ठिकाणी काम करते, एका ठिकाणी रात्रपाळी. कोर्टाच्या वेबसाईटवर आपल्याच केसचे कागद बघायला पानाला दहा सेंट पडतात, एका कागदाला जास्तीत जास्त तीन डॉलर. तिमाहीला तीस डॉलरच्या आत राहिलं तर माफ, म्हणून मी हिशोब ठेवून बघते, महिन्याला किती पानं परवडतील. दूधवाल्याच्या वहीसारखा.

तारीख परत बघा, २९ सप्टेंबर. १९९० चा एक कायदा आहे, त्यानुसार दरवर्षी ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर अशा दोन तारखांचा हिशोब जाहीर होतो, कुठल्या जजकडे सहा महिन्यांच्या वर मोशन पडलंय आणि तीन वर्षांच्या वर केस पडलीये, जजच्या नावासकट. म्हणजे आपलं मार्च एंडिंगच की हो. मी साताऱ्याला बँकेत होते, मार्च एंडिंगला कागद कसे इकडचे तिकडे होतात ते मला कुणी शिकवू नये. मी कुणावर आरोप करत नाही, फक्त कॅलेंडर दाखवतेय.

जजवर राग आहे का? होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचं एक कारण झालं आणि तो गेला.

आम्ही कोर्टात एकदाच गेलो. जुने जज होते तेव्हा, सत्तरी पार केलेले, काळ्या झग्यातून स्वेटरची बाही दिसत होती. त्यांनी ह्यांच्याकडे बघून गुड मॉर्निंग म्हटलं. वकिलाने सांगायला तोंड उघडलं की यांना बोलता येत नाही, तर जजनी नुसता हात वर केला, थांबा. आणि थांबले. हे ओठ हलवतायत, मान हलवतायत, समोर दोन बाजूचे पाच वकील तासाचे शेकडो डॉलर घेऊन गप्प उभे, ती टाईप करणारी बाई मशीनवर बोटं अधांतरी धरून बसलेली. चार मिनिटं तरी गेली असतील. मग ह्यांच्या तोंडून शब्द आला, "नमस्कार". त्या बाईने स्पेलिंग विचारलं. जज म्हणाले, लिहून घ्या नीट. तो शब्द आमच्या केसच्या रेकॉर्डमध्ये आहे, मी पैसे भरून ते पान बघितलंय.

पुढच्याच महिन्यात ते सीनियर स्टेटसवर गेले. पासष्ट वय आणि पंधरा वर्षं नोकरी झाली की जाता येतं, पगार चालू, काम कमी, जागा रिकामी धरतात. त्यांचा हक्क आहे. आमची केस दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि तिसरे स्वतःच्या केसेस सांभाळून रिकाम्या खुर्चीच्या पण ओढतायत. क्रिमिनल केसला १९७४ चाच दुसरा कायदा, सत्तर दिवसांत खटला उभा राहायला हवा, त्यात सवलती आहेत पण ती केस आधी घ्यावी लागते. मग आमच्यासारख्या सिव्हिलवाल्यांनी काय करायचं, गुन्हा करायचा? हसू नका, रात्रपाळीला असले विचार येतात.

तेव्हापासून मी या जज लोकांचं आयुष्य वाचायला लागले, म्हटलं बघू तरी कोण असतात हे. कॅन्ससला वेस्ली ब्राऊन नावाचे जज होते, केनेडींनी १९६२ मध्ये नेमलेले, २०१२ मध्ये वारले तेव्हा वय १०४ आणि तोपर्यंत जज! शेवटी नाकात ऑक्सिजनची नळी घालून कोर्टात बसायचे. आमच्याकडे असं कुणी केलं तर आपण पाया पडू. तहहयात नेमणूक, राष्ट्राध्यक्ष पण काढू शकत नाही, आजपर्यंत पंधरा फेडरल जजवर महाभियोग आला आणि आठच जण गेले, त्यातला पहिला १८०४ मध्ये, न्यू हॅम्पशायरचा, कोर्टात दारू पिऊन यायचा. आमचे रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, म्हणजे माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावरचे, त्यांनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि स्वतःच पुणं सोडून निघाले. इथे घटनेतच लिहून ठेवलंय की जजला हलवायचं नाही आणि पगार कमी करायचा नाही. वाचून मला खरंच भरून आलं, काय डोकं चालवलंय. आणि मग तुमच्यासारख्यांनी शोधून काढलं की बसलेल्याला उठवता येत नसेल तर बसवायचंच नाही.

पगार काय तर २०२५ मध्ये २ लाख ४७ हजार ४०० डॉलर. माझ्यासारखीला खूप वाटतो, पण न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेलं पोरगं सव्वादोन लाखावर सुरुवात करतं, मग चांगली माणसं कशाला येतील? आणि जीव मुठीत धरायचा ते वेगळंच. माझी ताई न्यू जर्सीला एडिसनजवळ राहते. २०२० च्या जुलैमध्ये तिचा फोन आला, अगं इथे नॉर्थ ब्रन्सविकला जजच्या घरी गोळीबार झाला. एस्थर सालास. आई क्युबाची, वडील मेक्सिकोचे, युनियन सिटीत गरिबीत वाढलेली, लहानपणी वेल्फेअर ऑफिसात आईची दुभाषी बनून जायची, मग रटगर्सला शिकली, गरिबांची सरकारी वकील झाली, २००६ ला मॅजिस्ट्रेट जज, २०११ ला डिस्ट्रिक्ट जज, न्यू जर्सीत त्या जागेवर पोचलेली पहिली हिस्पॅनिक बाई. तिच्याच कोर्टात केस असलेला एक वकील कुरिअरवाला बनून दारात आला आणि वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा मारला, नवऱ्याला जखमी केलं. ती तळघरात होती. त्या मुलाच्या, डॅनियलच्या नावाने कायदा झाला २०२२ च्या डिसेंबरमध्ये, जजचे पत्ते नेटवरून काढून टाकायचा. आणि २०२५ मध्ये काय चाललं तर देशभरात जजच्या घरी न मागवलेले पिझ्झे गेले, त्याच मेलेल्या पोराच्या नावाने. तुमचं घर आम्हाला माहितीये, एवढंच सांगायला. ती बाई अजून कोर्टात बसते. माझी लेक पण आता दुभाषीच झालीये, बापाची, म्हणून मला ती वेल्फेअर ऑफिसातली मुलगी डोळ्यांसमोरून हलत नाही.

असं जगणं आहे त्यांचं, आणि तुम्ही लोक त्या खुर्च्या मेडलसारख्या मोजता, आमचे किती तुमचे किती.

मला माहितीये तुम्ही म्हणाल नाव राष्ट्राध्यक्ष देतात. देतात की, पण डिस्ट्रिक्ट जजसाठी तुमच्याकडे तो निळा कागद येतो ना, ब्ल्यू स्लिप, राज्यातल्या सिनेटरने तो परत दिला नाही तर गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे गाडीचा एक ब्रेक तुमच्या पायाखाली आहे आणि तुम्ही मला सांगताय रस्ता खराब आहे. देशात ९४ जिल्हे आणि या जजच्या सगळ्या मिळून ६७७ का काहीतरी जागा. शेवटची मोठी वाढ १९९० ला झाली, तेव्हा लोकसंख्या पंचवीस कोटी, आता चौतीस. जज लोकांचीच ज्युडिशियल कॉन्फरन्स म्हणते एका जजमागे वर्षाला, केस किती किचकट त्याचं वजन लावून, ४३० च्या वर नवीन केसेस गेल्या की जास्त जज मागायचे, म्हणजे कामाच्या दर दिवशी दीड-पावणेदोन केसेस, हिशोब चुकला असेल तर कळवा, पण छापील पत्रात नको.

आणि २०२४ ला काय तमाशा केलात? ६३ कायमच्या आणि ३ तात्पुरत्या जागा वाढवायचं बिल, २०३५ पर्यंत टप्प्याटप्प्याने. ऑगस्टमध्ये सिनेटमध्ये एकमताने पास, तुम्ही पण त्यात. कारण तेव्हा निवडणूक कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नव्हतं. हाऊसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ते निवडणूक होईपर्यंत दाबून ठेवलं, डिसेंबरमध्ये २३६ विरुद्ध १७३ ने काढलं, तोवर निकाल लागलेला, पहिल्या नव्या जागा कोण भरणार ते कळलेलं, मग अर्ध्या लोकांचं प्रेम आटलं आणि २३ डिसेंबरला बायडन साहेबांनी व्हेटो केलं. घाईत केलंय म्हणाले. चौतीस वर्षांनी एक गोष्ट केली ती घाईत! मी कुठल्या पक्षाची नाही, दोघांना एकाच चपलेने... असू दे, लेक म्हणते आई भाषा सांभाळ.

माझा भाऊ साताऱ्याला आहे. आमच्या आजोबांच्या जमिनीचा वाटपाचा दावा कोर्टात आहे, मी नववीत असल्यापासून. मी अमेरिकेला आले तेव्हा त्याला फोनवर ऐकवायचे, इथे असं नसतं रे, इथे कोर्ट म्हणजे कोर्ट. आता दर रविवारी तो विचारतो, काय म्हणतंय तुझं कोर्ट म्हणजे कोर्ट? मी विषय बदलते, पाऊस किती झाला विचारते.

मागणं फार नाही. नाव पाठवा. तुमचा माणूस असो, त्यांचा असो, मला काही पडलेली नाही, फक्त वाचणारा हवा. आणि जमलं तर समोरचा बोलेपर्यंत थांबणारा.

कळावे,
एक मतदार
(मूळ गाव सातारा)

ता. क. : उत्तर छापीलच येणार असेल तर निदान नाव नीट घाला. तिन्ही पत्रांत मला मिस्टर केलंय. आणि आमच्या ह्यांना, ज्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यांना तिसऱ्या पत्रात "तुमच्या दिवंगत पतीबद्दल सहानुभूती" आहे. ते जिवंत आहेत साहेब. पत्र आलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसले होते, त्यांनीच डाव्या हाताने पाकीट फोडलं.