मोरचूद आणि निकामी होणारी औषधे

महोदय,

रोहू-कटलाच्या तळ्यात शेवाळ माजले की सर्रास मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) टाकतात. माशांच्या रोगांवर दिलेल्या प्रतिजैविकांचे हळूहळू विघटन होते. तांब्याचे होत नाही, ते गाळात साठत राहते. तांबे सोसण्याची आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची जनुके काही जीवाणूंत एकाच प्लाझ्मिडवर (जीवाणूतील डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) असतात; तांबे असेपर्यंत दोन्ही सोबतच टिकतात. म्हणून एरोमोनाससारख्या माशांना रोग करणाऱ्या जीवाणूंत औषध बंद केल्यावरही प्रतिरोध टिकू शकतो. नुसती औषधबंदी इथे अपुरी पडते.

मोरचुदाची मात्रा मुठीने नको. पाण्याची एकूण क्षारता (अल्कलिनिटी, मिलिग्रॅम प्रतिलिटर) मोजून 100 ने भागावी. प्रतिलिटर तेवढेच मिलिग्रॅम मोरचूद टाकावे. क्षारता 50 च्या खाली असल्यास टाकूच नये, शेवाळाआधी मासे मरतील! हंगामानंतर तळे वाळवून वरचा गाळ काढावा. तो भाजीच्या वाफ्यात मात्र घालू नये. प्रयोगशाळांनी माशांच्या आतड्यातील जीवाणू औषधांबरोबर तांबे-जस्तावरही तपासावेत.

– एक मत्स्यशास्त्र अभ्यासक