मिरगाआधी रेकॉर्डी घरी आणताना

मालवण

चि. मानसी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जॅझच्या रेकॉर्डी मे महिन्यात इकडे आणायचं ठरलं, फार बरं वाटलं. पण पुण्याच्या हवेत जे चालून जातं ते इथे चालत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे रेकॉर्ड बिघडायला सुरुवात होते ती कव्हरापासून. बुरशीला नुसत्या व्हिनाइलमध्ये खायला फारसं काही नसतं. ती धरते कागदी पाकिटाला, पुठ्ठ्याला, खळीला आणि बोटांच्या तेलकट ठशांना. तिथून ती तबकडीवरच्या, आवाज कोरलेल्या खाचांत उतरते. म्हणून आतली जुनी कागदी पाकिटं बदल आणि एचडीपीईची (एक प्रकारच्या प्लॅस्टिकची) पातळ पाकिटं घाल. छापील पाकीट असेल तर ते टाकू नकोस, कव्हरात वेगळं ठेव. पीव्हीसीची जाड, मऊ पाकिटं मात्र घेऊच नकोस. त्यांतलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन, रेकॉर्डवर उतरतं आणि असा धुरकट थर बसतो की तो धुऊनही जात नाही. बाहेरचं प्लॅस्टिक वरून उघडंच असू दे. चिकटवून बंद केलंस तर ओल आतच कोंडते.

कपाट सुताराकडून फणसाच्या फळ्यांचं करून घेऊ. कव्हर साधारण साडेएकतीस सेंटिमीटर, तेव्हा कप्पा 34 चा. शंभर एलपी (मोठ्या, 33⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डी) म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास वजन, त्यामुळे दर 40 सेंटिमीटरला उभी फळी हवीच. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं पुढे राहील, कारण पावसात ती भिंत ओल धरते. माळ्यावर तर काहीच ठेवायचं नाही, कौलांखालच्या उन्हाळ्यात तबकडी वाकते. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात फुकट जातात. त्या बंद डब्यातच उपयोगी, आणि तिथेही वरचेवर वाळवाव्या लागतात.

धुण्याचं नीट वाच. 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात. आधी कार्बन फायबरच्या ब्रशने सुकी धूळ काढ. बुरशी दिसत असेल तर हे काम पडवीत, तोंडाला फडकं बांधून कर, आणि तो ब्रश वेगळाच ठेव. मग पाच-सहा मिली द्रावण पसरून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरव, आडवा नाही. दोन मिनिटांनी, ओलं असतानाच, मायक्रोफायबरने टिपून घे. इथेच बहुतेकांचं चुकतं. सुटलेली घाण द्रावणासकट वाळली की खाचेच्या तळाशी घट्ट बसते आणि रेकॉर्ड पहिल्यापेक्षा जास्त करकरते. टिपून झालं की नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा पूस, अर्धा तास उभी वाळव आणि नव्या पाकिटात घाल. लेबल भिजू देऊ नकोस. जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना हे द्रावण लावायचं नाही, अल्कोहोलने लाख विरघळते. आणि जवळपास समई किंवा गॅस पेटता नको.

आता खरेदीबद्दल. गळ्याच्या रेकॉर्डीत झीज लपत नाही. ट्रम्पेट-ड्रम्सच्या गलक्यात खपून जाणारी खरखर गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’वर लगेच उघडी पडते. दुकानात ऐकायला मिळालं तर बाजूचं शेवटचं गाणं लाव. बाहेरच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21, त्यामुळे तेवढाच आवाज तिथे दाटीने कोरलेला असतो आणि झीज आधी तिथे ऐकू येते. ऐकायला मिळालं नाही तर मधल्या भोकाभोवती लेबलवर केसासारख्या रेषा किती आहेत ते पाहा. त्या स्पिंडल, म्हणजे टर्नटेबलच्या मधली खुंटी, शोधताना पडतात, म्हणजे रेकॉर्ड किती वाजलीय ते कळतं.

मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) हे साल पाहून ठरव. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या 1957-58 च्या सुमारास. बिली हॉलिडेची 1958 ची ‘लेडी इन सॅटिन’ कोलंबिया कंपनीने दोन्हींत काढली, क्रमांक मोनो सीएल 1157 आणि स्टिरिओ सीएस 8048. कुठलीही घे, लेबलवर सहा डोळ्यांची खूण (डोळ्यासारखी सहा चिन्हं) असेल तर छपाई त्या काळातली. पण गायिका सारा व्हॉनने ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबर एमआर्सी या लेबलसाठी केलेलं रेकॉर्डिंग डिसेंबर 1954 चं, म्हणजे मोनोच. अशा संगीताच्या कव्हरावर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड स्टिरिओ’ असं दिसलं तर पैसे वाचव. एकाच आवाजाचे दोन तुकडे करून ते स्टिरिओ बनवलेलं असतं, आणि गायिका विहिरीतून गातेय असं वाटतं.

जुना अमेरिकन टर्नटेबल कुणी स्वस्तात देत असेल तर आधी मोटर विचार. सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झनुसार वेग धरणारी) 60 हर्ट्झची असेल तर आपल्या 50 वर मिनिटाला 33⅓ ऐवजी साधारण 27.8 फेरे होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटरची पुली (पट्टा फिरवणारं चाक) बदलावी लागते. सुईचा भार कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दिलेल्या मर्यादेतच ठेव. फार हलका ठेवल्यानेही खाच बिघडते, कारण सुई उडते आणि भिंतीवर आपटते.

येताना रेकॉर्डी खोक्यात उभ्या भर, तबकडी आतल्या पाकिटासकट कव्हराच्या बाहेर काढून मागे ठेव, नाहीतर हिसक्यांनी कव्हराची शिवण फाटते. गाडी उन्हात थांबली तर खोकी डिकीत सोडू नकोस. अल्कोहोल सोबत आणू नकोस, इथे मी मागवून ठेवतो. तू फक्त एकूण किती एलपी आहेत ते कळव, म्हणजे सुताराला माप देता येईल.

तुझे,
बाबा