बत्तीस सेलांत मावतील एवढेच मेल

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवते आहे, म्हणजे बाबांना ब्रेलसेन्सवर, त्यांच्या ब्रेल यंत्रावर, बोटांनी वाचायला थेट उघडता येईल. पत्र लांब आहे, दोन-तीन बैठकांत वाचलं तरी चालेल. काम मात्र दोघांनी मिळून करायचं आहे. आईचं लॅपटॉपवरचं, एकदाच. बाबांचं रोजचं, पण आईचं झालं की ते फार उरणार नाही.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगते. आई, तू जीमेल उघडतेस तेव्हा एका पानावर ५० मेल दिसतात. नजर एकदा वरून खाली फिरली की कामाचे तीन तुला आपोआप सापडतात. बाबांच्या बोटांखाली एका वेळी एकच ओळ, ३२ सेलांची, एका सेलात एक ब्रेल अक्षर. पुढचा मेल स्पेस-४ (स्पेसबरोबर चौथ्या टिंबाची कळ), मागचा स्पेस-१. त्यात ग्रुपवरून आलेल्या मेलच्या विषयाआधी चौकटी कंसात ग्रुपचं नाव चिकटलेलं असतं. नाव १२ अक्षरांचं धरा, कंसांचे २, मोकळ्या जागेचा १, म्हणजे १५ सेल. मग 'आरई', कोलन, मोकळी जागा: ४. पाठवलेलाच पुढे धाडलेला असेल तर 'एफडब्ल्यूडी'चे ५. झाले २४. खऱ्या विषयाला उरले ८ सेल. आठ सेलांत 'रविवारच्या सभेची वेळ बदलली' हे कसं कळणार? म्हणून प्रत्येक मेलला एकदा पुढे सरकवायचं, वाचायचं, मग ठरवायचं. अकरा हजार मेलच्या इनबॉक्समध्ये हे करत बसणं म्हणजे पोतंभर तांदूळ एकेक दाणा उचलून निवडणं.

म्हणून निवडायचं काम यंत्रावर करायचंच नाही. ते जीमेलच्या सर्व्हरवर, मेल बाबांपर्यंत पोचायच्या आधी व्हायला हवं.

त्यासाठी पहिला प्रश्न: ब्रेलसेन्सवर खातं पॉपने जोडलं आहे की आयमॅपने? मेल प्रोग्रॅममध्ये एफ२ दाबून मेन्यू उघडा, खात्याच्या सेटिंग्जमध्ये ते कळेल. पॉप असेल तर आयमॅप करून घ्या. पॉप म्हणजे पोस्टमनने सगळी थैली उंबऱ्यात उलटी करून निघून जाणं. जीमेलमध्ये तुम्ही कितीही लेबलं लावा, कितीही मेल इनबॉक्सबाहेर वळवा, पॉपला त्याचा पत्ता नसतो. स्पॅम आणि कचरा सोडून सगळं एकाच ढिगात येतं, तुम्ही स्वतः पाठवलेले मेलसुद्धा. आयमॅपमध्ये पेटी पोस्टातच राहते, आपण तिच्यातले कप्पे उघडून बघतो. इथे पुसलं तर तिथे पुसलं जातं, आणि आईच्या फोनवर वाचलेला मेल बाबांकडेही वाचलेला दिसतो.

येणाऱ्या मेलचा सर्व्हर 'आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ९९३, एसएसएल चालू. जाणाऱ्याचा 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ४६५, एसएसएल.

पासवर्ड हाताने भरून खातं जोडत असाल तर तिथे जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगलने घरगुती खात्यांसाठी ती वाट ३० मे २०२२पासून बंद केली. आईने गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग 'ॲप पासवर्ड्स' शोधून नवा तयार करायचा. तो १६ छोट्या अक्षरांचा असतो. वाचायला सोपा जावा म्हणून चार-चारच्या गटांत दिसतो, पण टाइप करताना मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. तो एकदाच दिसतो, खिडकी बंद केली की परत नाही. बाबा, तो संक्षिप्त ब्रेलमध्ये टाइप करू नका, अक्षर न् अक्षर सुटं हवं. आणि पुढे कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात तर सगळे ॲप पासवर्ड त्याच क्षणी रद्द होतात. त्या दिवशी ब्रेलसेन्सवर 'लॉगिन झालं नाही' आलं तर पुन्हा पुन्हा तोच देत बसू नका, नवा करून घ्या.

आता साचलेला ढीग. त्यातलं काही पुसायचं नाही, फक्त इनबॉक्समधून उचलून अर्काइव्हमध्ये ठेवायचं. तिथे ते शोधलं की सापडतं. ही शोधाची ओळ बाबाच टाइप करू शकतील. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचणारा प्रोग्रॅम चालू करा, ब्रेलसेन्स केबलने जोडून 'टर्मिनल फॉर स्क्रीन रीडर'मध्ये न्या, आणि एनव्हीडीएत टाइप करायचा ब्रेल तक्ता अमेरिकन कॉम्प्युटर ब्रेल ठेवा. मग जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत: आयएन, कोलन, इनबॉक्स, मोकळी जागा, ओल्डर, अंडरस्कोअर, दॅन, कोलन, ६, एम. म्हणजे इनबॉक्समधलं सहा महिन्यांपेक्षा जुनं सगळं.

यातल्या दोन खुणा लक्षात ठेवायला तुम्हाला कष्ट नाहीत. कॉम्प्युटर ब्रेलमधला अंडरस्कोअर म्हणजे ४-५-६, आपल्या मराठी ब्रेलमधला ळ. कोलन म्हणजे १-५-६, आपला ज्ञ. ओल्डर-ळ-दॅन-ज्ञ, बस. अंकाचं मात्र सांभाळा. इथे अंकचिन्ह द्यायचं नाही, अंक खालच्या टिंबांत येतो, म्हणून ६ म्हणजे २-३-५. सवयीने अंकचिन्ह आणि एफ दिलंत तर जीमेलला 'हॅश एफ' मिळतं आणि काहीच सापडत नाही.

यादी आली की आईने डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर टिचकी मारायची. एवढ्याने पानावरचे ५० मेलच निवडले जातात, बहुतेकांची गाडी इथेच अडते. यादीच्या वर लगेच एक ओळ उगवते, 'सिलेक्ट ऑल कन्व्हर्सेशन्स दॅट मॅच धिस सर्च'. ती दाबायची, मग अर्काइव्ह. हजारोंचा गठ्ठा हलायला वेळ लागतो. मध्येच थांबल्यासारखं वाटलं तर पान पुन्हा उघडून तोच शोध परत द्यायचा, उरलेले निघतील.

खरोखर पुसायचे ते फक्त जड मेल: 'लार्जर, कोलन, १०एम' असा शोध दिला की १० एमबीच्या वरचे सगळे समोर येतात. मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशी तिघांत वाटलेली असते, आणि ती भरली की नवे मेल यायचेच थांबतात. पुसलेलं कचऱ्यात ३० दिवस राहतं, तोवर चूक सुधारता येते.

आई, आता सेटिंग्ज. हे फोनच्या जीमेल ॲपमध्ये मिळणार नाही, लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच करावं लागेल. 'सी ऑल सेटिंग्ज', त्यात 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप'. तिथे फोल्डरच्या आकाराची मर्यादा १,००० मेलवर ठेव, म्हणजे यंत्राला एका फोल्डरमागे त्याहून मोठी यादी ओढावी लागणार नाही. त्याच पानावर 'ऑटो-एक्स्पंज' आहे, तो ऑफ कर. ऑफ केल्यावरच त्याखालचे पुसट पर्याय जागे होतात, त्यातला मेल ट्रॅशमध्ये हलवायचा पर्याय निवड. हे केलं नाही तर बाबांनी यंत्रावर पुसलेला मेल फक्त अर्काइव्हमध्ये जातो. 'एवढे पुसतो तरी जागा रिकामी होत नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा तेच असतं. खाली 'सेव्ह चेंजेस' दाबल्याशिवाय या पानावरून उठू नकोस. मग 'लेबल्स' या पानावर 'ऑल मेल' आणि 'इम्पॉर्टंट' यांच्यासमोरची 'शो इन आयमॅप'ची खूण काढ, नाहीतर तोच मेल बाबांना तीन ठिकाणी भेटेल.

तुझ्या फोनवर जाहिराती वेगळ्या कप्प्यात जाताना दिसतात ना? ते प्रमोशन्स आणि सोशलचे कप्पे आयमॅपवर नसतातच. तुझ्याकडे जे नीटनेटकं दिसतं ते बाबांकडे सगळं इनबॉक्समध्येच पडतं. म्हणून फिल्टर हवेत.

फिल्टर चार पुरेत. जास्त केले की कुठे काय गेलं ते शोधण्यातच दिवस जातो. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला पर्यायांचं चिन्ह आहे, ते उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता भर (ग्रुपसाठी मात्र 'टू'मध्ये ग्रुपचा पत्ता), 'क्रिएट फिल्टर' कर, मग 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल' या दोन्हींवर खूण कर. आधीच्या मेलनाही लागू करायची खूण शेवटी असते, तीही दे. लेबलांची नावं इंग्रजी अक्षरांत, लहान, आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं ठेव: बँक, ग्रुप, बिल यात बी दोनदा येतो, म्हणून बिलाला 'पैसे' म्हण. देवनागरीत नाव दिलंस तर आयमॅप ते आतून वेगळ्याच सांकेतिक अक्षरांत धाडतं, आणि जो प्रोग्रॅम ते उलगडत नाही तिथे बाबांच्या बोटाखाली अँपरसँड आणि मग नुसती गिचमीड येते.

चौथं लेबल 'नंतर'. त्याचा फिल्टर पाठवणाऱ्यावर नाही, शब्दावर: मजकुरात 'अनसबस्क्राइब' हा इंग्रजी शब्द असेल तर मेल तिकडे. बहुतेक जाहिराती यात अडकतात, पण काही कामाचेही अडकतील, म्हणून पहिले पंधरा दिवस बाबांनी तो कप्पा चाळायचा आणि जे चुकून गेलं त्याचा पत्ता आईने फिल्टरमधून वगळायचा.

बँकेच्या फिल्टरमध्ये एक खड्डा आहे. नुसता बँकेचा पत्ता दिला तर ओटीपीचे मेलही लेबलात जातात, आणि ओटीपी काही मिनिटांतच मरतो. म्हणून पत्त्याबरोबर विषयात 'स्टेटमेंट' हा शब्द असण्याची अट घाल. बाकी बँकेचं सगळं इनबॉक्समध्येच येऊ दे. घरच्यांच्या मेलना तर फिल्टरच नको.

ग्रुपांबद्दल बाबा तुमचं आणि माझं पटणार नाही. ॲक्सेसइंडियासारख्या दृष्टिहीनांच्या गजबजलेल्या मेल-ग्रुपसाठी बरेच जण डायजेस्ट घ्या म्हणतात, दिवसभराचे मेल एकत्र बांधून एकच येतो. स्क्रीनवर ते ठीक असेल. ३२ सेलांवर तो एकच मेल शेकडो ओळींचा होतो, नको असलेला विषय ओलांडायला 'शोधा'चाच आधार घ्यावा लागतो, आणि त्याला उत्तर दिलंत तर विषय डायजेस्टचा जातो, कुणाला दिलं ते कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा सुटे मेल 'ग्रुप' लेबलात येऊ द्या. तिथे सगळं ग्रुपचंच असल्यामुळे सुरुवातीचे १५ सेल न वाचता सरळ पुढे सरकवता येतं. पंधरा दिवसांपूर्वीचे महिन्यातून एकदा लॅपटॉपवरून घाऊक पुसायचे.

आता रोजचं. मेल आपोआप तपासणं बंद ठेवा, वाचत असताना नवे आले की यादी सरकते आणि आपण कुठे होतो ते हरवतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तेही फक्त इनबॉक्स. पहिल्या फेरीत वाचायचं नाही, फक्त ठेवायचं की पुसायचं. विषयावरून कळलं नाही तर एफ३ने पाठवणाऱ्याच्या कप्प्यात जा. पुसायला स्पेस-डी. पुसल्यावर बोट साधारणपणे पुढच्याच मेलवर येतं, त्यामुळे सवयीने लगेच स्पेस-४ दाबलंत तर एक मेल न वाचता निसटतो. कामाचे मेल बहुधा असेच चुकतात.

दुसऱ्या फेरीत उरलेले वाचा. उत्तरांच्या मेलमध्ये खाली जुना मजकूर शेपटासारखा असतो, त्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, ३-४-५. म्हणजे आपला आ. ओळी 'आ'ने सुरू व्हायला लागल्या की नवं संपलं, तिथून बाहेर पडायला हरकत नाही. नकोशा जाहिरातीतून नाव काढायचं असेल तर स्पेस-४-५-६ने मजकुराच्या तळाशी जा आणि तिथून वर या, दुवा शेवटच्या काही ओळींतच असतो. अनोळखी, संशयास्पद मेलमधला असा दुवा मात्र उघडू नका, नुसतं पुसा.

नातेवाईकांचे सुप्रभातचे फोटो ब्रेलवर फक्त फाइलचं नाव म्हणून उमटतात, त्यांच्यावर दया दाखवायचं कारण नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच, आत मजकूर नसून चित्र असतं, ती आईच्या लॅपटॉपवर अक्षरओळख करून घ्यावी लागेल. खाते क्रमांक आणि ओटीपी आवाजावर ऐकू नका, बोटानेच वाचा. आणि भडंग खाऊन झाल्यावर हात धुवा, तेल सेलांत गेलं की टिंबं अडकतात.

आई, फिल्टर केलेस की प्रत्येकाचा पत्ता आणि लेबल वहीत लिहून ठेव. पुढच्या शनिवारी फोन करते तेव्हा ती वही जवळ घेऊन बस, 'नंतर'मध्ये काय काय अडकलं ते बाबांकडून ऐकून वगळायची यादी करू.

तुमची,
छकुली

ता. क. : ॲप पासवर्ड त्याच वहीत लिहू नकोस. वही हॉलमध्ये असते.