लिंबात रात्रभर ठेवायला मासा म्हणजे लोणचं आहे काय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मार्चमध्ये ग्रिल्ड सीफूड टाको (मेक्सिकोकडची घडी घातलेली पोळी, आत जाळीवर भाजलेला मासा) आणि फ्रूट साल्सा (बारीक चिरलेल्या फळांची तिखट कोशिंबीर म्हणा) अशी रेसिपी आलती, अर्धं पान, रंगीत फोटो, वर लिंबाची फोड. ती मी कापून ठेवलो आणि पुढच्याच रविवारी गच्चीवर करून बघितलो, त्याचं जे काय झालं ते सांगायला हे पत्र. (आमच्या सोलापुरात मी केलो, मी आणलो असंच बोलतात, ते तसंच छापा, शुद्ध करत बसू नका.)

तर तुमच्या रेसिपीत लिहिलंय की माशाच्या तुकड्यांना लिंबाचा रस, मीठ, लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आता छापून आलंय म्हणल्यावर माणूस विश्वास ठेवतो की हो. शनिवारी संध्याकाळी बर्फातली सुरमई आणलो अर्धा किलो, तिचा भाव काय होता ते इथं लिहीत नाही कारण हे पत्र घरी पण वाचलं जाणार आहे, पाच लिंबं पिळलो, डबा झाकून ठेवलो. सकाळी उघडून बघतो तर मासा पांढराफट्ट, शिजल्यासारखा, आणि बोटानं उचलायला गेलं की चहात बुडवलेल्या पावासारखा सुटून यायलाय. तरी म्हणलं बघू जाळीवर टाकून. अर्धा जाळीला चिकटला, अर्धा खाली निखाऱ्यात गेला आणि जो काय उरला तो शेजारच्यांचं मांजर पत्र्यावरनं उतरून खाऊन गेलं.

मुलगी पुण्याला असते, तिला फोन लावलो तर ती हसायलीच. म्हणली, पप्पा ते सेविचे झालं. म्हणजे पेरू देशात, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कच्च्या माशाचे बारीक तुकडे मुद्दाम लिंबाच्या रसात ठेवतात, आंबटपणानं त्यातलं प्रोटीन आवळतं, मासा पांढरा होतो आणि तसाच खातात, आगीचा संबंध नाही. शिजल्यासारखा दिसतो एवढंच, त्यानं जंतू काय सगळे मरत नाहीत, म्हणून तिथं मासा अगदी ताजा लागतो. पण जो मासा नंतर जाळीवर जाणार आहे त्याला लिंबू पंधरा मिनिटं, फार तर वीस. उरलेलं लिंबू खाताना वरून. तुमच्या एका "रात्रभर" शब्दानं माझी सुरमई गेली साहेब.

दुसरी गोष्ट माशाच्या नावाची. रेसिपीत होतं हॅलिबट किंवा माही माही. मी आपला भोळेपणानं मच्छी मार्केटात जाऊन विचारलो, मावशी हॅलिबट आहे का, तर मावशी कोयता तसाच हातात धरून म्हणल्या, "कुठल्या पेठेत राहतात ते?" आजूबाजूचे चार जण हसले. आता सोलापूरला समुद्र कुठला? रत्नागिरी इथनं तीनशे किलोमीटरच्या पुढं आहे, जे काय पापलेट सुरमई येतं ते बर्फात झोपून येतं. पण आपल्याकडं उजनी आहे, १९८० साली धरण झालं, आता भीमेच्या त्या पाण्यात चिलापी एवढी वाढलीय की भिगवणला हायवेवर गाड्या थांबवून माणसं चिलापी फ्राय खातात. आणि गंमत अशी की अमेरिकेत घरोघरी जे फिश टाको करतात त्यात टिलापियाच घालतात बऱ्याचदा, म्हणजे आपली चिलापीच. मूळची आफ्रिकेतली, तिकडं पण पाहुणी आणि इकडं पण. एवढं साधं तुमच्या रेसिपीवाल्यांनी एका ओळीत लिहिलं असतं तर मी मार्केटात हसं करून घेतलो नसतो. (उजनीत पुण्याकडनं काय काय वाहून येतं तो विषय वेगळा, त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

मग पुढच्या रविवारी मी चिलापीच आणलो, दोन, प्रत्येकी पाऊण किलोच्या आतबाहेर. डोळे स्वच्छ फुगीर, कल्ले लाल, बोटानं दाबलं की खड्डा लगेच भरून येतोय, एवढं तर मावशींनी न विचारता दाखवलं, हॅलिबटमुळं ओळख झालती. चिलापीचा अजून एक फायदा म्हणजे कटला-रोहूसारखे मांसात बारीक काटे नसतात, मधला काटा काढला की मोकळं मांस हाताला येतं, आणि टाकोत काटा असून चालत नाही कारण ते घडी घालून घास तोडायचं काम आहे, बघत बघत खायचं नाही. नशिबानं त्या दिवशी नळाला पाणी पण आलतं, नाहीतर मासे धुवायला माठातलं पाणी कोण देतंय.

आमच्याकडं मासा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, आईच्या काळापासूनचं आहे, त्यामुळं तवा वेगळा, सुरी वेगळी, आणि जागा गच्ची. तेवढ्यासाठी ग्रिल म्हणजे मला नवीन काय वाटलं नाही, लोखंडी शेगडी आणि कोळसा हेच आमचं ग्रिल. पहिल्या वेळी चिकटलं त्याचं कारण नुसतं लिंबू नव्हतं, जाळी पण गार होती आणि मासा ओला. दुसऱ्या वेळी चिलापीच्या दोन्ही अंगाला तीन तीन चिरा दिलो, लाल तिखट, हळद, जिऱ्याची पूड, लसूण, मीठ, थोडं लिंबू, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, आणि मग फडक्यानं टिपून कोरडं करून तेल माशाला लावलो, जाळीला नाही. जाळी आधी दहा मिनिटं निखाऱ्यावर तापत ठेवलतो, वर अर्धा कांदा काट्याला टोचून घासलो. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे हात न लावणं. चार मिनिटं तरी उलटायला जायचंच नाही. कातडी भाजून आवळली की मासा आपण होऊन जाळी सोडतो, ओढायला लागला तर समजायचं अजून वेळ आहे. विजापूर वेशीत शीक कबाबवाले पुठ्ठ्यानं हवा घालतात ना, तसं मी पण हवा घालायलो, तर धूर सगळा वाळत घातलेल्या कपड्यांवर. त्याचं पुढं जे झालं ते लिहीत नाही.

सीफूड म्हणलंय तर समुद्राचं काहीतरी पाहिजे म्हणून फ्रोजन कोळंबी पण थोडी आणलतो. पाठीतला काळा दोरा काढून शिकेत ओवलो, एका बाजूनं दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूनं दीड. अर्धचंद्रासारखी वळली की उचलायची, गोल कडं झालं की रबर.

आता टाकोच्या पोळीचं. पहिल्या रविवारी मी चक्कीवरनं मक्याचं पीठ आणलो, थापायला घेतलो तर तव्यावर जायच्या आधीच भेगा, घडी घातली की दोन तुकडे. हे पण मुलीकडनं कळलं. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत, चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यातच रात्रभर मुरत ठेवतात, सकाळी सालं धुवून काढून ओलाच वाटतात, त्या चुन्यानं पीठ धरून राहतं. वाचताय ना साहेब? रात्रभर ठेवायचा असतो तो मका. मासा नव्हे. मला तर वाटतंय तुमच्याकडं कुणीतरी कुठनं तरी उतरवताना एकाचं दुसऱ्याला चिकटवलं.

चुना-मका कोण करत बसतंय, आणि मैद्याच्या तयार पोळ्या पाकिटात मिळतात त्या मला चामड्यासारख्या लागल्या. बायको खालनं म्हणली, ज्वारीत काय वाईट आहे? मंगळवेढ्याची मालदांडी घरात होतीच. तिची रीत अशी की पिठात उकळतं पाणी ओतायचं, उलथण्यानं हलवायचं, हात सोसेल एवढं झालं की मळायचं, त्यानं ज्वारीला पण चिकटाई येते, मक्याला चुना जे काम करतो ते इथं उकळतं पाणी करतं म्हणा. भाकरी तळहाताएवढी, पातळ, आणि भाजली की लगेच फडक्यात गुंडाळून टोपलीत, वाफेनं मऊ राहते, घडी मोडत नाही. मासा खाली जायचा नाही आणि बायको वर यायची नाही, त्यामुळं टोपली जिन्याच्या सहाव्या पायरीवर ठेवायची आणि मी घ्यायची असं ठरलं. एक सांगतो, आपली कडक भाकरी यात घडी घालायला घेऊ नका, कडाड्कन मोडते. पण सपाट ठेवून त्यावर मासा आणि साल्सा रचला तर लई भारी लागतं, आणि मेक्सिकोत पण कडक पोळीवर असं रचून खातात, त्याला टोस्टाडा म्हणतात.

साल्सा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चांगला झालेला भाग. तुमच्यात होतं आंबा, अ‍ॅव्होकॅडो आणि अननस. मार्चच्या शेवटी चांगला आंबा कुठला, अ‍ॅव्होकॅडो मी बघितलो पण परत ठेवलो, आणि अननस माशावर आधीपासून घालून ठेवला तर कच्च्या पपईसारखाच मांस विरघळवतो म्हणे, एक सुरमई घालवून परत तो धोका नको. घरात काय होतं तर सोनाका द्राक्षं, हे वाण आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी काढलेलं, एक वाटी, उभी चिरून. हस्त बहाराच्या (पावसाळ्याच्या शेवटी धरलेल्या) शेवटच्या मालातलं भगवा जातीचं एक डाळिंब, त्याचे दाणे अर्धी वाटी. अर्धी कैरी अगदी बारीक, कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर. मीठ आणि लिंबू ताटात वाढायच्या वेळी, नाहीतर फळाला पाणी सुटून भाकरी भिजते. द्राक्ष गोड, कैरी आंबट, दाणा दाताखाली फुटतो आणि मागनं मिरची येते, धुरकट माशाबरोबर हे असं काय जमलं की माझ्या मेव्हण्यानं, जो फळं ताटात घेतच नाही, वाटी पुसून खाल्ली.

सोअर क्रीम लिहिलतं त्याच्याऐवजी चक्का पातळ करून घ्यावा म्हणून विचारलो तर खालनं उत्तर आलं, माशावर दही? आमच्याकडं ते चालत नाही, संपला विषय. मग मी शेंगाची चटणी तेलात कालवून लावलो. आणि हे माझं डोकं नाही बरं का, मेक्सिकोत व्हेराक्रूझकडं साल्सा माचा म्हणून प्रकार आहे, वाळकी मिरची, शेंगदाणा, लसूण आणि तेल. आपल्या शेंगाचटणीची सख्खी चुलत बहीण. नाहीतरी मिरची आणि शेंगा दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्याच, मिरची तर पोर्तुगीजांच्या जहाजातनं इकडं आलेली. आणि आंबा इकडनं फिलिपाईन्समार्गे तिकडं गेला, तिथं एका आंब्याला अजून मनिलाच म्हणतात.

मूळचा फिश टाको पण मेक्सिकोतल्याच बाहा कॅलिफोर्नियाच्या एन्सेनाडा बंदराकडचा, तिथं मासा पिठात बुडवून तळतात, आपल्या भज्यागत, वर कोबी. मी पण कोबी चिरून घातलो, दातांना कुरकुरीत काहीतरी लागतं. बायकोनं मासा काय चाखला नाही, पण भाकरी, साल्सा आणि चटणी अशी घडी करून जिन्यातच बसून दोन खाल्ल्या आणि तिसऱ्यात कैरी जास्त घाल म्हणली.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की चौकोनात लहान का होईना दुरुस्ती छापा, "रात्रभर"च्या जागी "पंधरा मिनिटं", कारण अजून कुणाच्या तरी फ्रिजमध्ये हे कात्रण चुंबकाला लावलेलं असणार. माशाचं नाव देताना इथं मिळणारं एक तरी द्या. आणि १ जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद असते, तवा सुरमई-पापलेटच्या रेसिप्या जूनमध्ये नकोत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जुळे सोलापूर

ता. क. हॅलिबटचा पत्ता लागला तर कळवा, मावशी दर रविवारी विचारायल्यात.