दहावी आली, हे खरं. पण पुढचं ऐक

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. रेवा जिल्हा स्पर्धेत तीन हजार मीटरला दुसरी आली हे वाचून फार बरं वाटलं. तिला माझ्याकडून शाबासकी दे. तिचे सर तिला स्टीपलचेस (अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत धावायची शर्यत) करायला सांगताहेत आणि घरात त्यावरून चर्चा चालली आहे, हेही कळलं. तुझे दीर म्हणाले ना, "ललिता बाबरनं एवढे अडथळे पार केले, शेवटी ऑलिंपिकमध्ये दहावीच आली." त्या एका वाक्यापायी हे पत्र लांबणार आहे. मी माणदेशातली आहे, ललिता आमच्या तालुक्यातली, आणि असं काही ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

दहावी आली, हे खरं आहे. पण कशात दहावी, कुठून निघून, आणि त्याच्या दोन दिवस आधी तिनं काय केलं होतं, हे सगळं सोडून नुसता दहाचा आकडा सांगायचा, हा अन्याय आहे.

तिचं गाव मोही, तालुका माण. आमचा भाग तू पाहिला आहेस. बाजरी, ज्वारी, पाऊस पडला तर मटकी, नाहीतर काही नाही. ललिताचा जन्म १९८९ चा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळेत ती आधी खो-खो खेळायची, मग पळण्याकडे वळली. आमच्याकडच्या मुली खो-खोत चपळ असतातच, पण हिचा दम वेगळा होता. २००५ मध्ये पुण्याला वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला सुवर्ण मिळालं तेव्हा ती सोळाची. पुढे रेल्वेत नोकरी लागली. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या धावपटूला रेल्वे, पोलीस नाहीतर सैन्य यांचाच आधार असतो. पगार चालू राहिला म्हणजे घरचे "आता पुरे" म्हणत नाहीत. या गोष्टीला लोक फार कमी मोल देतात.

मग मुंबई मॅरेथॉन. २०१२, २०१३, २०१४ अशी ओळीनं तीन वर्षं ती भारतीय महिलांत पहिली आली. जानेवारी २०१३ मध्ये ती दुसऱ्यांदा जिंकली तेव्हा इकडे दुष्काळ होता आणि म्हसवडला चारा छावणीत जनावरं बांधलेली होती. छावणीत राहायला आलेल्या बायाही तिचं नाव घ्यायच्या. 'माणदेशी एक्स्प्रेस' असं तिला तेव्हापासून म्हणू लागले. (कविता राऊतला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणायचे, आठवतं? २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलेली. त्या वेळी आपण दोघींनीही तिची छायाचित्रं कापून ठेवली होती.)

आता खरा मुद्दा. तीन वेळा मुंबई जिंकलेल्या बाईनं काय करायला हवं होतं? मॅरेथॉनच पळत राहायला हवं होतं. नाव झालेलं, बक्षिसाचे पैसे मिळणारे, देशात तिला मागे टाकणाऱ्या मोजक्याच. आणि ललितानं नेमकं याच टप्प्यावर, चोविशी उलटल्यावर, तीन हजार मीटर स्टीपलचेस हाती घेतली. ज्यात सगळे तिला ओळखतात ते बाजूला ठेवून जिथं ती नवशिकी आहे तिथं उभी राहिली. तिच्या सगळ्या कारकिर्दीत मला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो, पदकांपेक्षाही.

घरच्यांना कळावं म्हणून या शर्यतीबद्दल थोडं लिहिते. साडेसात फेऱ्या, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी, म्हणजे एकूण ३५ उड्या. बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर. साध्या हर्डल्सला पाय लागला तर ती पडते. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे जाड लाकडी तुळई असते आणि ती जागची हलत नाही, पाय अडकला तर माणूस पडतो. पाण्याच्या उडीला तुळईवर पाय देऊन स्वतःला पुढं ढकलायचं, कारण खड्डा तुळईजवळ सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत जातो. जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. तरी बूट भिजतातच आणि तसेच पुढचे लॅप मारायचे. त्यात समोर पाच-सहा जणी घोळक्यानं पळत असतात, अडथळा नीट दिसतही नाही, पाऊल कुठं पडणार याचा अंदाज शेवटच्या क्षणी घ्यावा लागतो.

मॅरेथॉनवाली बाई गुडघे फार न उचलता, ताकद राखून पळते. इथं दर फेरीला पाचेक वेळा पूर्ण शरीर उचलायचं, खाली आल्यावर लय तुटू द्यायची नाही, आणि वेग तर केवढा! तिचं मॅरेथॉनचं २:३८:२१ हे टायमिंग धर. किलोमीटरला पावणेचार मिनिटं पडतात. स्टीपलचेसमध्ये तिला किलोमीटर तीन मिनिटं सहा-सात सेकंदांत काढावा लागला, अडथळ्यांसकट. रेवाच्या सरांना विचार, या दोन्ही गोष्टी एकाच शरीराकडून करून घेणं किती अवघड असतं ते.

आणि गंमत बघ, ते २:३८:२१ तिनं स्टीपलचेस सुरू केल्यानंतर काढलेलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतच, ओ. पी. जैशाच्या मागे दुसरी येऊन. त्याच्या चारच महिने आधी, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ९:३५.३७ अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ देऊन तिनं स्टीपलचेसचं ब्राँझ आणलं होतं. दुसरी चीनची ली झेनझू ९:३५.२३, तिसरी ललिता ९:३५.३७, चौथी आपली सुधा सिंग ९:३५.६४. तिघी अर्ध्या सेकंदाच्या आत. सुधा मूळची रायबरेलीची, २०१० ची आशियाई विजेती. तिचाच विक्रम ललितानं मोडला आणि तिलाच पाव सेकंदानं पदकाबाहेर ठेवलं. सुधा नसती तर ललिता एवढी पुढे गेली नसती असं मला वाटतं. देशातच तोडीस तोड कुणी असलं की सरावातले आळसाचे दिवस कमी होतात.

दोघींचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह, बेलारूसचे. अतिशय कडक माणूस. भारतातल्या कितीतरी लांब पल्ल्याच्या धावपटू त्यांच्या हाताखालून गेल्या. मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा शिकवायला म्हणून भारतात आले आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या खोलीतच वारले. मला ती बातमी फार लागली. आपल्याकडे प्रशिक्षकाचं नाव पदकाच्या बातमीत शेवटच्या ओळीत येतं, आणि कधी कधी येतच नाही.

२०१५ च्या जूनमध्ये वुहानला ९:३४.१३ वेळेत ती आशियाई विजेती झाली. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत हीटला, म्हणजे प्राथमिक फेरीला, ९:२७.८६, अंतिम फेरीत आठवी. जगात आठवी, मेधा! वर्तमानपत्रात केवढीशी बातमी आली होती. मग २०१६ च्या फेडरेशन कपला ९:२७.०९. आणि मग रिओ. मॅरेथॉनची पात्रताही तिच्याकडे होती, पण तिनं स्टीपलचेसच निवडली.

१३ ऑगस्ट २०१६, शनिवार, आपल्याकडे संध्याकाळ. दुसरी हीट. पहिल्या तिघी थेट जाणार होत्या, ललिता चौथी आली. वेळ ९:१९.७६. त्या वेळेच्या बळावर ती अंतिम फेरीत गेली. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम तिनं सात सेकंदांहून अधिक फरकानं मोडला होता, ऑलिंपिकच्या ट्रॅकवर, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत. तुझ्या दिरांना हे नक्की सांग. आपले कितीतरी चांगले खेळाडू ऑलिंपिकला जाऊन स्वतःच्या नेहमीच्या कामगिरीपेक्षा मागे राहतात. दडपण, प्रवास, दुखापत, कारण काहीही असो. हिनं आपलं सर्वोत्तम नेमकं तिथं काढलं. बीजिंगला आदल्या वर्षी जागतिक सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या हायविन जेपकेमोईची तिथल्या अंतिम फेरीतली वेळ होती ९:१९.११. अंतिम फेरी डावपेचांची असते, पदकासाठी पळतात, घड्याळासाठी नाही, हे मान्य. तरी मोहीची मुलगी कुठवर पोचली होती ते यावरून कळतं.

१९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत होती, एक शतांश सेकंदानं ब्राँझ हुकलेली. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठायला दुसऱ्या भारतीय बाईला ३२ वर्षं लागली. ती बाई म्हणजे ललिता.

अंतिम फेरी १५ ऑगस्टला होती. बहारीनची रूथ जेबेट पुढे निघून गेली आणि ८:५९.७५ मध्ये जिंकली. पुढे २०१८ पासून तिच्यावर उत्तेजकांपायी बंदी आली, पण रिओचं सुवर्ण तिच्याकडेच राहिलं. ललिता ९:२२.७४ मध्ये दहावी. दोन दिवसांत दुसऱ्यांदा ती आपल्या रिओआधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सरस धावली. मग यात कुठं हार झाली, ते मला कुणी समजावून सांगावं.

लोक विसरले त्याचंही कारण आहे. आदल्या रात्री जिम्नॅस्टिक्समध्ये दीपा कर्माकर चौथी आली होती आणि सगळा देश तिच्याबद्दल बोलत होता. दोन दिवसांनी साक्षी मलिकचं ब्राँझ, मग सिंधूचं रौप्य. त्या सगळ्यांचं कौतुक व्हायलाच हवं होतं. मधल्या मध्ये ललिताचा दहावा क्रमांक कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, एवढं झालं.

त्यानंतर तिची ट्रॅकवरची कारकीर्द फार पुढे गेली नाही. २०१७ मध्ये लग्न झालं, आणि २०२० मध्ये राज्य सरकारनं तिला उपजिल्हाधिकारी म्हणून नेमलं. आणखी चार वर्षं पळली असती तर, असं मला वाटतंच, खोटं कशाला बोलू? पण पळणं तिचं, पाय तिचे, कधी थांबायचं हेही तिनंच ठरवायचं. तिचा तो ९:१९.७६ चा विक्रम पुढे सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं ९:१५.३१ वेळ देऊन तो मोडला, तोही जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत. पुरुषांमध्ये बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या अविनाश साबळेनं याच शर्यतीत काय केलं ते तुला ठाऊकच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत स्टीपलचेस म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावं लागायचं, आता मुलं स्वतःहून विचारतात.

आता रेवाबद्दल. तिचे सर म्हणतात म्हणून लगेच हो म्हणू नकोस आणि दीर म्हणतात म्हणून नाही म्हणू नकोस. आधी इंदूरच्या तुमच्या ग्राउंडवर नियमाप्रमाणे अडथळे आहेत का, पाण्याचा खड्डा नीट राखलेला आहे का, ते जाऊन बघ. तुळई डळमळीत असली किंवा खड्डा कोरडा ठणठणीत असला, तर तिथं उडी मारू देऊ नकोस, घोट्याची दुखापत लवकर बरी होत नाही. सुरुवातीला कमी उंचीच्या हर्डल्सवर कधी डावा, कधी उजवा पाय पुढे टाकून उडी मारायला शिकू दे. एकाच पायाची सवय लागली की घोळक्यात पंचाईत होते. आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला आवडतंय का, ते विचार. तुझ्या पत्रात सगळ्यांचं मत होतं, तिचंच नव्हतं.

तिचं तीन हजारचं टायमिंग आणि शेवटच्या लॅपचं वेगळं टायमिंग मला कळव. मे महिन्यात सुट्टीत तिला इकडे पाठव, पुण्याला बालेवाडीच्या संकुलात घेऊन जाईन आणि खरा ट्रॅक, खरा वॉटर जंप दाखवीन. येताना स्पाइक्स आणायला सांग, आणि जुने बूटही, भिजवायला.

काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस. घरी सर्वांना नमस्कार, रेवाला आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा