नागशिळांना ऑइलपेंट कशासाठी?

महोदय,

नागपंचमी आली की वारुळं, दूध आणि सर्पमित्रांचे सल्ले वर्तमानपत्रांत हमखास छापून येतात. पारावरच्या दगडांबद्दल मात्र अवाक्षर नसतं, म्हणून हे पत्र.

चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावात पिंपळाच्या पारावर पाच नागशिळा आहेत. कन्नड शेजारी त्यांना नागरकल्लु म्हणतात, आम्ही नागोबा. एकीवर वेटोळी घातलेली नागजोडी, दुसरीवर कमरेपर्यंत बाई आणि खाली शेपूट. यंदा जीर्णोद्धाराच्या नावाखाली पारावर चकचकीत फरशी आली, शिळांचे पाय काँक्रीटमध्ये गाडले गेले आणि वर ऑइलपेंट फासला. पिवळे नाग, लाल जिभा. खवल्यांची नक्षी थराखाली बुजली. हळद-कुंकू पहिल्या पावसात धुऊन जातं, हा रंग जात नाही. खरवडायला जावं तर दगडाचा पापुद्राही सोबत निघतो.

हटकल्यावर एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "अहो, ही काय खरी देवं आहेत? भुताखेतांचे दगड." माझं भांडण रंगापेक्षा या वाक्याशी जास्त आहे.

मोठी देवळं उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून या देशातली माणसं झाडातल्या यक्षाला आणि पाण्यातल्या नागाला हात जोडत आली. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या, मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपाचा कठडा पाहा. आता तो कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. तिथे यक्ष, यक्षी, नागराज आपापल्या नावानिशी कोरलेले आहेत. चंदा यक्षी झाडाला हातापायाचा वेढा घालून उभी आहे. बुद्धाच्या दारात त्यांना मान मिळाला. आपल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. मथुरेजवळच्या परखमचा यक्ष तर सुमारे साडेआठ फूट उंच. तिथले लोक त्याला जखैया म्हणत.

जैनांनीही त्यांना सोडलं नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची, तीर्थंकर नेमिनाथांची. नेमिनाथांची यक्षी अंबिका, म्हणजेच कन्नड मुलखातली कूष्मांडिनी. तिच्याजवळ मूल आणि डोक्यावर आंब्याची डहाळी. फळणाऱ्या झाडाचीच ही देवता, फक्त घर बदललेली.

आणि आपण मराठी माणसांनी काय केलं? यक्षिणीची प्राकृतात जक्खिणी झाली, मराठीत जखीण, आणि जखीण म्हणजे भूत, नाहीतर भांडकुदळ बाई! कन्नडात जक्कव्वा हे आजही साधं, घरगुती नाव आहे. आमच्या गल्लीत दोन जक्कव्वा आहेत, दोघीही माझ्यापेक्षा गोड बोलतात.

माझी मागणी मोठी नाही. शिळांना रंग लावू नये, पाया सिमेंटने लिंपू नये आणि रस्ता रुंद करताना त्या उचलून नाल्याकडेला टाकू नयेत. लागलेला रंग जाणत्या माणसाकडून उतरवावा, तारेच्या ब्रशने नव्हे. पूजा चालूच राहू दे, तिला माझी हरकत कशी असेल?

पूर्वी मूल व्हावं म्हणून जोडपं अशी शिळा घडवून घ्यायचं, काही महिने विहिरीच्या पाण्यात ठेवायचं आणि मग पिंपळाखाली बसवायचं. या पाचांतली एक माझ्या पणजीनं आजोबांच्या जन्माआधी बसवलेली, असं घरात सांगतात. वडील तिच्या फण्यावरच्या खुणेवरून ती ओळखायचे. यंदा मी मुलाला दाखवायला घेऊन गेलो, पण पाचही शिळा सारख्याच पिवळ्या दिसत होत्या.

आपला,
एक वाचक, ता. चिकोडी